पाणी गायब करणाऱ्या बाटलीवाल्या साहेबांस

श्रीयुत बाटलीवाले साहेब,



फेब्रुवारीत धर्माबादच्या मोंढ्यात आपलं दर्शन झालं. मिरचीच्या ठसक्याने सगळे शिंकत होते, आपण मात्र रुमालाने ग्लास पुसत होतात. ग्लासात डिझेल ओतलंत, वरून चमचाभर पाणी. पाणी गोटीसारखं तळाला जाऊन बसलं. मग आपल्या बाटलीतले चार थेंब, दोन हिसके, आणि गोटी नाही! डिझेल जरा धुरकट दिसत होतं, पण "तो औषधाचा रंग" म्हणालात. आम्ही दहा चाकीचे मालक, रंगाला कशाला भितोय? तीन बाटल्या घेतल्या.

लेबलवर लांब नाकाचा अमेरिकन ट्रक होता, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. खाली लिहिलं होतं, "थंडीत डिझेल गोठू देत नाही." धर्माबादेत, साहेब! इथे मे महिन्यात बोनटवर भाकरी भाजावी. गोठायची चिंता लडाखवाल्यांना. त्यांच्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेलच काढलं. आम्हाला बहुतेक त्या काळजीची बाटली द्यायची राहिली होती. "सिटेन वाढवतो" असंही छापलं होतं. बीएस-६ डिझेलचा सिटेन आकडा पंपावरच किमान ५१ असतो, हे मला नंतर कळलं. गंधक १० पीपीएमवर आणल्यावर डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो म्हणून त्याची भरपाई रिफायनरीतच होते, हेही नंतरच. म्हणजे कामाचं औषध कंपनीवाले आधीच पाजतात. आपण टॉनिक घेऊन आलात.

पण गुण आला हो! अ‍ॅव्हरेज चारच्या आत होतं ते सव्वाचारला गेलं. मी गावभर सांगत सुटलो. ड्रायव्हर हसला फक्त. त्याला माहीत होतं की जानेवारीपर्यंत आम्ही सिमेंट वाहत होतो आणि नंतर मिरची. मिरचीची पोती ताडपत्रीच्या वर चढतात, वजनकाट्यावर मात्र हलकी. अ‍ॅव्हरेज आपल्या थेंबांनी वाढवलं की मिरचीने, ते आता आपणच सांगा.

जुलै आला. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं, हा माझा गाढवपणा, त्याचं खापर आपल्यावर नाही. पाऊस आत गेला. दर पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू ढिला केला की वाटीभर पाणी निघतं, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून आधी वर्दीही देतो. यंदा दिवा लागलाच नाही. स्क्रू सोडला तर पाणीही नाही. मी म्हटलं, बाटलीचा चमत्कार! खोबरं वाटायचं तेवढं राहिलं होतं.

ऑगस्टात निजामाबाद रस्त्यावर गाडी खोकू लागली, मग पांढरा धूर, मग बंद. नांदेडच्या मिस्त्रीने फिल्टर फोडून परातीत ओतला. पातळ ताक! त्याने बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, "मालक, पाणी अन् डिझेल एकजीव कुणी केलं?"

मग त्याने जे सांगितलं ते आपणास ठाऊक असेलच. काही औषधं पाण्याला डिझेलपासून फोडून तळाला बसवतात, फिल्टर ते पकडतो, ड्रायव्हर काढून टाकतो. काही औषधं पाण्याचे बारीक कण करून डिझेलमध्ये विरघळल्यासारखे पसरवतात. मग फिल्टरला ते सापडत नाहीत, दिव्याला दिसत नाहीत. ते थेट इंजेक्टरात, जिथे दीड-दोन हजार बार दाब आणि केसाच्या जाडीशी नातं सांगणारी भोकं. तिथे पाण्याची वाफ झाली की टोकच तडकतं. आपण ग्लासातलं पाणी गायब केलं नव्हतंत, साहेब. जिथून मला ते काढता आलं असतं तिथून हलवून आत पोचवलंत. सहापैकी चार इंजेक्टर गेले. कंपनीची वॉरंटी? पुस्तकात बाहेरचं औषध घालू नका असं लिहिलंय. वाचायला वेळ कुणाला, मी तर आपलं लेबल वाचत होतो.

पैसे मागत नाही. झाकणाचं रबर बदललंय, रोज सकाळी स्क्रू सोडतो. निघालेलं पाणी टाकून देत नाही, आपल्याच रिकाम्या बाटलीत भरून ठेवलंय. येत्या बाजारी गाडी मोंढ्यात त्याच जागी उभी असेल. ग्लास मी आणतो. आपण फक्त दोन हिसके द्या आणि मग ते आपल्या मोटारसायकलच्या टाकीत ओता.

आपला,
एका दहा चाकीचा मालक, धर्माबाद