आता पासवर्ड पुन्हा टाका

ऑपरेटिंग सिस्टीम नवी झाली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि ब्राउझरपासून ईमेलपर्यंत प्रत्येकाने नव्याने पासवर्ड मागायला सुरुवात केली, की घराघरांतून एकच आरोळी उठते : ‘याने माझे सगळे पासवर्ड घालवले!’ हा यंत्रावर अन्याय आहे. बहुतेक वेळा त्याने काहीही घालवलेलं नसतं. पासवर्ड तिथेच, त्याच डिस्कवर, एका अक्षरालाही धक्का न लागता पडून असतात. ते कुलपात असतात, आणि कुलूप उघडा म्हणून हटून बसलेला इसम म्हणजे आपणच, याबद्दल यंत्राची खात्री पटत नाही. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर बसून आपण जेवणसुद्धा केलं, त्याने असं परक्यासारखं वागावं, याचा राग येणं स्वाभाविक आहे. पण प्रश्न त्याच्या स्मरणशक्तीचा नाही, आपल्या ओळखीचा आहे. आणि ती पटवायला जे काही लागतं, ते आपण नेमकं त्याच्याच पोटात ठेवून दिलेलं असतं. माझं म्हणणं असं, की या दुखण्यावरचा इलाज नव्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. तो कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. शंभरपानी, एकरेघी. घरातल्या तरुण मंडळींना तो मागासलेला वाटतो. पण पुरावे तपासले तर तरुण मंडळी हरतात.

आधी साठवणुकीची तऱ्हा पाहू. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून डेटा प्रोटेक्शन एपीआय नावाची सोय आहे. तिच्या मदतीने ब्राउझर आपले पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवतो, आणि तो संकेत उलगडणारी किल्ली शेवटी आपल्या लॉगिनच्या पासवर्डवर अवलंबून असते. मॅकवर हेच काम कीचेन करते. तिचंही कुलूप लॉगिनच्याच पासवर्डचं. घरातल्या सगळ्या किल्ल्या एका लोखंडी कपाटात टांगलेल्या आहेत, आणि कपाट व घराचं दार एकाच किल्लीने उघडतं, असं समजा. दोन्ही एकदम उघडत असल्यामुळे कपाटाला वेगळं कुलूप आहे, हे आपल्या गावीही नसतं. अपग्रेडनंतर लॉगिन होईना, म्हणून कॉम्प्युटरमधलं कळणारा भाचा येतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात नवा पासवर्ड बसवून देतो. दार उघडतं. भाच्याला चहा-पोहे मिळतात. कपाट मात्र जुन्या किल्लीवर अडून बसलेलं असतं, कारण त्याचं कुलूप कोणी बदललेलंच नाही. जुना पासवर्ड सांगून नवा घेतला असता, तर दोन्ही कुलपं बरोबरीने बदलली असती. जुना न सांगता वरून नवा लादला, की फक्त दार बदलतं. मग मॅक कळवतो की लॉगिन कीचेन उघडता आली नाही, आणि क्रोम आपल्या ‘सेफ स्टोरेज’साठी कीचेनचा पासवर्ड मागत राहतो. कीचेनला पासवर्ड असतो, ही बातमी आपल्याला तिथे प्रथम समजते. भाचा विचारतो, ‘मामा, जुना पासवर्ड काय होता?’ मामा विचारतात, ‘जुना म्हणजे कुठला?’ इथे तांत्रिक साहाय्य संपतं. तरीही यंत्राचं वागणं योग्यच म्हटलं पाहिजे. जे कपाट आपल्या भाच्याला पाच मिनिटांत उघडलं असतं, ते लॅपटॉप पळवणाऱ्या चोराच्या भाच्यालाही तेवढ्याच वेळात उघडलं असतं.

यावर कोणी म्हणेल, की यंत्राची ही वकिली पुरे. काही बदललं नसतानाही ते पासवर्ड विसरतं. हा आक्षेप भक्कम आहे. विंडोज १०ची ‘२००४’ नावाची आवृत्ती मे २०२०मध्ये आली. ती बसवल्यावर अनेकांच्या कॉम्प्युटरने दर वेळी नव्याने सुरू होताना पासवर्ड विसरण्याचा क्रम धरला : ब्राउझरचे, ईमेलचे, कार्यालयाच्या व्हीपीएनचे. लोकांनी आपापल्या ब्राउझरला शिव्या दिल्या, काहींनी ब्राउझर बदलले. नवा ब्राउझरही तितकाच विसराळू निघाला. बऱ्याच महिन्यांच्या शोधानंतर संशय ठरल्या वेळी आपोआप कामं उरकणाऱ्या टास्क शेड्यूलरमधल्या एका विशिष्ट जातीच्या कामांवर आला : वापरकर्त्याच्या नावावर चालणारी, पण त्याचा पासवर्ड न मागणारी कामं. पासवर्डविना काम करणाऱ्यांनी इतरांचे पासवर्ड बुडवावेत, यात काही सामाजिक सत्यही असेल. मायक्रोसॉफ्टने तात्पुरता उपाय सांगितला : पॉवरशेलमध्ये एक लांबलचक आज्ञा टाकून अशी कामं हुडका, ती बंद करा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, आणि मग गेलेले पासवर्ड शेवटचे एकदा टाकून साठवा. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुरुस्तीचा अपडेटही आला. तर या खटल्यात यंत्र दोषी, हे मान्य. पण उपायाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जे हरवलं म्हणून उपाय शोधला, ते जवळ असल्याशिवाय उपाय पुरा होत नाही.

हे त्या एका दोषापुरतं नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक उपायांची अखेर अशीच होते. विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, जुनी नोंद काढा, आणि आता पासवर्ड पुन्हा टाका. मॅकवर जुनी कीचेन बाजूला सारा, नवी तयार करा, आणि आता पासवर्ड पुन्हा टाका. लिनक्सच्या ग्नोम कीरिंगचा जुना पासवर्ड आठवत नसेल तर ती कीरिंगच पुसा, नवी घ्या, आणि पुढचं आपण जाणताच. फायरफॉक्स स्वतःची वेगळी चूल मांडतो. त्याच्या एका फाइलीत पासवर्ड असतात आणि दुसरीत ते उलगडण्याची किल्ली; नव्या ठिकाणी नेताना एक मागे राहिली तर दुसरी निव्वळ ओझं होते. शिवाय त्याचा प्रायमरी पासवर्ड विसरून रीसेट केला, तर साठवलेले सगळेच पुसले जातात. पहिल्या नऊ पायऱ्या कितीही विद्वत्तापूर्ण असोत, दहावी पायरी माणसाच्या डोक्यावर किंवा त्याच्या कागदावर येऊन उभी राहते. आणि डोकं तर आपण केव्हाच रिकामं करून ठेवलेलं असतं.

ते रिकामं का झालं, याचा दोष पूर्णपणे आपला नाही. २००३मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक-संस्थेतल्या बिल बर यांनी पासवर्डविषयी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा आणि एखादं चिन्ह अशी खिचडी करण्याचा आणि पासवर्ड वरचेवर बदलण्याचा जगभरातला आग्रह त्या सूचनांतून बळावला. जगाने त्या पाळल्या, म्हणजे जमेल तशा पाळल्या. गणपतीच्या नावापुढे एक-दोन-तीन लागले. तीन महिन्यांनी बदलायची सक्ती झाल्यावर एक-दोन-तीन-चार झाले. विघ्नहर्त्याच्या नावावर इतका भार याआधी कोणी टाकला नव्हता. २०१७मध्ये खुद्द बर यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं, की आपल्या त्या सल्ल्यातल्या बऱ्याच भागाचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले : चिन्हांची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर मुदतीची सक्तीही नको. आपल्याकडच्या अनेक संकेतस्थळांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. या छळाला कंटाळून आपण ब्राउझरला म्हटलं, तूच सुचव आणि तूच लक्षात ठेव. त्याने सुचवलेली अक्षरं सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तमच असतात, कारण ती कोणाच्याही डोक्यात येऊ शकत नाहीत. त्यात आपलंही डोकं आलं.

‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण कशासाठी आहे मग, असा दुसरा आक्षेप. बटण आहे, आणि ते दाबल्यावर तत्परतेने सांगितलं जातं की दुवा ईमेलवर पाठवला आहे. ईमेलचा पासवर्ड त्याच बंद कपाटात आहे. ईमेलच्या ‘विसरलात?’वर जावं, तर तो कोड पाठवतो मोबाइलवर, आणि कोणत्या मोबाइलवर, तर खातं उघडताना जो नंबर दिला होता त्यावर. तो आता दुसऱ्याच कोणाचा तरी असतो, आणि त्या सद्‌गृहस्थाला रोज सकाळी आपले कोड पोचत असतात. सगळं जुळून आलं तर बटण काम करतं, हे मी नाकारत नाही. पण एकाच साखळीच्या सगळ्या कड्या एकमेकींना टेकून उभ्या असतील, तर निदान एक टोक भिंतीत असावं, एवढीच मागणी आहे.

तिसरा आक्षेप अधिक आधुनिक : पासवर्ड क्लाउडवर ठेवा, कॉम्प्युटर जळाला तरी ते सुरक्षित. बरोबर आहे. पण क्लाउडवाले स्वतः काय सांगतात ते पाहा. ॲपलच्या आयक्लाउडवर सगळ्यात कडेकोट संरक्षण हवं असेल, तर किल्ली कंपनीकडे राहत नाही. म्हणून आधी एखादा विश्वासू माणूस नेमावा लागतो किंवा २८ अक्षरांची रिकव्हरी की घ्यावी लागते. ती कंपनीही परत देऊ शकत नाही, तेव्हा जपून लिहून ठेवा म्हणतात. विंडोजमध्ये आख्खी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ आकडी. ती छापून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे. जुलै २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर काही कॉम्प्युटर सुरू होताना थेट हीच की मागू लागले. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही ठेवलेली असू शकते हे खरं. त्या खात्याचा पासवर्ड कुठे ठेवला होता, हा प्रश्न विचारून कोणाचं मन दुखवू नये. तात्पर्य असं, की जगातल्या अतिप्रगत कंपन्या सगळे उपाय संपल्यावर नाइलाजाने ज्या वस्तूकडे बोट दाखवतात, ती वस्तू म्हणजे कागद.

आता खरा कडवा आक्षेप : लिहिलेला पासवर्ड चोरीला जातो. इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. संगणकावर पासवर्डची पद्धत आणणाऱ्यांत अमेरिकेतल्या एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेचा मान पहिला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची आख्खी फाइल छापून मागवली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. म्हणजे पासवर्डची पहिली गाजलेली चोरी कागदावरच झाली! पण दोष कागदाचा नव्हता. सगळ्यांचे पासवर्ड एका जागी, उघडे, मागेल त्याला छापून मिळतील असे ठेवले होते, हा होता. आपल्या वहीत एकाच घरचे पासवर्ड असतात. सात समुद्रांपलीकडून हजारो खाती फोडणाऱ्याला ती वही वाचता येत नाही. आणि घर फोडणारा चोर सोनं शोधतो, एकरेघी वही उघडून मामांचं अक्षर लावत बसत नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५मध्येच सल्ला दिला होता, की चांगला पासवर्ड लक्षात राहणारा नसतो, तेव्हा तो कागदावर लिहा आणि पाकिटात जपा. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे येस्पर योहान्सन यांनीही लिहू नका ही शिकवण चुकीची असल्याचं जाहीरपणे सांगितलं. लिहायची मनाई केली, की माणसं सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरतात. आणि स्वतः कॉर्बाटो? २०१४मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांनी पासवर्ड हे एक दुःस्वप्न झाल्याचं मान्य केलं, आणि आपले पासवर्ड टाइप केलेल्या तीन पानांवर ठेवल्याचंही सांगितलं. पासवर्डचा जनक ज्या मार्गाने गेला, त्या मार्गाने जायला आपल्याला कसली लाज?

राहता राहिला भविष्याचा आक्षेप : पासवर्डच्या जागी यंत्राने स्वतःच बनवून जपलेली डिजिटल किल्ली, म्हणजे पासकी, आली, आता पासवर्डच संपणार. २०२२मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या तिघांनी ही पद्धत पुढे नेण्याचं एकत्र जाहीर केलं. पद्धत चांगली आहे. चोरट्या संकेतस्थळाला फसून तिथे टाइप करण्यासारखं काही उरतच नाही. पण पासकी राहते कुठे? फोनमध्ये, कीचेनमध्ये, क्लाउडच्या खात्यात. म्हणजे कपाट तेच. आतल्या किल्ल्या तेवढ्या नव्या घडवल्या. कपाटच उघडेना झालं, तर आत काय टांगलंय याने फरक पडत नाही.

तेव्हा वही घ्यावी. तिच्यात सगळं जग उतरवण्याची गरज नाही. लॉगिनचा सध्याचा पासवर्ड आणि त्याच्या आधीचा, कारण कपाट जुनंच मागतं, मुख्य ईमेलचा, क्लाउडच्या खात्याचा, आणि ती लांबलचक रिकव्हरी की, दोनदा तपासून, कारण आपलं शून्य आणि ओ सारखेच दिसतात. एटीएम आणि यूपीआयचे पिन मात्र लिहू नयेत. ते रोज वापरात असल्याने तसेही पाठ असतात. वही पडद्याला चिकटवू नये, कॉम्प्युटरच्या पिशवीतही ठेवू नये, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘पासवर्ड’ लिहू नये. ‘भिशीचा हिशेब’ लिहिलं की घरातलं कोणी उघडत नाही. हे लिहायला वेळ कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर तयार आहे. अपग्रेडची सूचना आली की आपण सगळेच ‘नंतर’ दाबतो, आणि यंत्र ते इमाने इतबारे मान्य करतं. त्या ‘नंतर’मध्ये चार ओळी सहज लिहून होतात.