जाळाचे आबा

चंपाषष्ठी आली की वांगं पुन्हा खाण्यात येतं आणि जळगावकडे मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्या सुरू होतात. कामं वाटली जातात. असोद्याची वांगी कुणी आणायची, मिरच्या कुणी, कळण्याच्या पुऱ्या कुणाच्या घरून. जाळाचं काम वाटावं लागत नाही. तिथे आबा आधीच उकिडवे बसलेले असतात.

प्रत्येक गावात एक आबा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे अप्पा. धोतर असो की जीन्स, खूण एकच. हातात अर्धी जळालेली काडी आणि दुसऱ्याने पेटवलेल्या जाळाबद्दल वाईट मत.

भरीत पऱ्हाटीवरच, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच, हा आबांचा धर्म. गॅसवर भाजलेलं वांगं त्यांच्या लेखी दवाखान्यातलं जेवण. पऱ्हाटीही गेल्या सालची लागते, कारण चंपाषष्ठीला यंदाची कपाशी शेतात उभीच असते. ओली काडी सगळी ऊब स्वतःतलं पाणी आटवण्यात घालवते आणि लोकांच्या वाट्याला धूर देते. (आमच्याकडचे काही पुढारी असेच.) म्हणून आबा एक ढीग पावसाळाभर जपतात. पऱ्हाट्या रचून ठेवू नका, त्यांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आबा मान डोलावतात. "बरोबर आहे भो. पण ते शेतातल्या ढिगाचं. हा तर भरीताचा."

रचण्यात मात्र माणूस उस्ताद. तळाला तुराट्या, कारण त्या भसकन पेटतात. वर बारीक पऱ्हाटी, मग बुंध्याकडची जाड, आणि मधून वाऱ्याला वाट. एखादा उत्साही पुतण्या अख्खी मोळी आणून वर आदळतो आणि जाळ गुदमरतो. "जाळाले बी नाक असतं रे! सरक, वारा अडवू नको!" आबांचं निम्मं आयुष्य लोकांना सरकवण्यात गेलं.

जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आबा खट्टू झाले. वांग्याला मिळालं, पऱ्हाटीचं काय? 2018 मध्ये शेफ विष्णू मनोहरांनी जळगावात एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत केलं. गावभर कढईची चर्चा. आबांचा प्रश्न एकच, "भाजलं कशावर?"

वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायला गेली की लोक तिकडे वळतात. आबा उरलेल्या निखाऱ्यावर शेवटचं वांगं उलटत बसतात आणि 'या वांग्याची सर त्यांना नाही' असं पाठमोऱ्या गर्दीला ऐकवतात.

आबांची लेक धुळ्याला दिली आहे. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, तिथे चुलीवर खापर पालथं पडलं होतं आणि विहीणबाई हातावर मांडा फिरवत होत्या. खापराला जाळ सगळीकडून सारखा हवा. एका बाजूला भडकला की मांडा तिथेच करपतो. विहीणबाई पायाच्या अंगठ्याने लाकूड जरा आत, जरा बाहेर करत होत्या; चुलीकडे बघतही नव्हत्या. आबांना राहवेना. ते चुलीच्या तोंडाशी जाऊन बसले आणि बाभळीचं एक लाकूड सरळ करू लागले.

"ईवाई," विहीणबाई मांड्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "जराक सरका. वारा लागू द्या."

आबा सरकले. पाच मांडे मुकाट्याने खाल्ले. परतीच्या एस.टी.त पारोळा येईपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "मांडा पातळच राहतो ना भो. त्याले काय, कोणीबी भाजेल."