नाही म्हणणारा डॉक्टर शोधा

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांबरोबर चष्मा घालवणाऱ्या दवाखान्यांतही गर्दी सुरू होते. शालू, बांगड्या, मेंदी यांच्या यादीत आता लेझर येऊन बसलं आहे; नवरीच्या यादीत आणि नवरदेवाच्याही. उड्डाणपुलाखालच्या फलकापासून हातातल्या मोबाइलपर्यंत मजकूर ठरलेला: काही मिनिटांत चष्म्यातून सुटका, बिनव्याजी हप्ते, ऑफर रविवारपर्यंत.

रविवारपर्यंतच का? डोळा सोमवारीही तोच असणार आहे. मुदतीच्या आत घ्या, हा हिशेब साडीच्या दुकानात ठीक आहे. न आवडलेली साडी बदलून मिळते, झिजवलेला कॉर्निया मिळत नाही. म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेवर तारीख टाकून सवलत लावणाऱ्या दवाखान्याची पायरी चढू नका.

लेझरशी माझं भांडण नाही. विसाव्या शतकातल्या देखण्या शोधांपैकी हा एक, आणि त्याच्या मुळाशी मद्रासमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ आहे. रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि एक्सायमर लेझरखाली धरला. 193 नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणाने मांस रेखीव कोरलं, शेजारचा भाग करपला नाही. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे सहकारी या शोधात बरोबर होते. पुढे नेत्रतज्ज्ञांनी तोच किरण कॉर्नियावर आणला आणि जगभर लाखो लोकांचे चष्मे गेले.

पण हा किरण सांगाल तेवढंच करतो. किती खोल, किती रुंद, कुठे, हे आकडे माणूस भरतो. आकडे चुकले, किंवा त्या डोळ्याला मुळात हातच लावायचा नव्हता, तर महागातलं महाग यंत्र ती चूकही तितक्याच अचूकपणे करून ठेवतं. तेव्हा दवाखाना निवडायचा म्हणजे मोजमाप घेणारा आणि त्यावरून निर्णय देणारा माणूस निवडायचा. फलकांवर मात्र यंत्राचं नाव हातभर मोठं असतं आणि डॉक्टरचं नाव शोधूनही सापडत नाही.

आता मोजमाप बघा. बुबुळावरचं पारदर्शक आवरण म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसिक या लेझर पद्धतीत आधी वरचा पापुद्रा उचलतात. फेम्टोसेकंद लेझरने तो साधारण 100 ते 120 मायक्रॉनचा निघतो. मग खालचा थर झिजवायचा, एका नंबरामागे ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन. शेवटी पापुद्र्याखाली किमान 250 मायक्रॉन शाबूत राहिले पाहिजेत, हा जुना दंडक. सावध डॉक्टर 300 च्या खाली उतरायला तयार नसतात.

540 चा कॉर्निया आणि मायनस पाच नंबर घ्या. 110 पापुद्र्याचे, 70 झिजवण्याचे, उरले 360. ठीक. तोच हिशेब एखाद्या मुलीच्या 480 आणि मायनस आठला लावा. 110 गेले, 112 गेले, उरले 258. कागदावर पास, प्रत्यक्षात काठावर. या मुलीला एक डॉक्टर म्हणेल, ‘बसतंय, करून टाकू.’ दुसरा म्हणेल, ‘लेझर तुझ्यासाठी नाही. डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा विचार करता येईल, नाहीतर चष्मा राहू दे.’ दुसऱ्याकडे जा. त्याने एक गिऱ्हाईक घालवून तुमचा डोळा वाचवलेला असतो.

जाडी पुरेशी असूनही नकार द्यावा लागतो, तो केराटोकोनसमुळे. या आजारात कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला रुग्णाला काही कळत नाही, चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतं. अशा डोळ्यावर लेझर चालवलं तर उरलेलं बळही जातं, कॉर्निया फुगत जातो आणि चष्मा नको म्हणून गेलेला माणूस कडक लेन्सवर, फारच बिघडलं तर कॉर्निया बदलण्यावर येतो.

हे ओळखता येतं. पेन्टाकॅमसारख्या यंत्रातून एक रंगीत कागद निघतो, त्यावर चार गोल नकाशे असतात. कॉर्नियाचा बाक, पुढच्या पृष्ठभागाची उंची, मागच्या पृष्ठभागाची उंची आणि जाडी. बाकाच्या नकाशात खालच्या अर्ध्यात लाल-केशरी डाग दिसला, मागच्या पृष्ठभागाच्या नकाशात त्याच जागी उंचवटा दिसला आणि सर्वांत पातळ जागाही तिथेच सरकलेली असली, तर शहाणा डॉक्टर तिथेच थांबतो. हा कागद मागून घ्या. मागच्या पृष्ठभागाचा नकाशा समोर ठेवून समजावून सांगा म्हणावं. डोळे सतत चोळायची सवय आहे का, घरात कोणाला केराटोकोनस आहे का, हे डॉक्टरने आपणहून विचारायला हवं. विचारलं नाही तर तपासणी अपुरी झाली, असं समजा.

एका दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं देतो. टेबलामागे समुपदेशक ताई, समोर लातूरहून आलेली आई, शेजारी मुलगी.

‘काकू, आज टोकन भरलंत तर दहा हजार कमी होतील.’

‘पण डॉक्टरांनी अजून हिला बघितलंच नाही ना?’

‘मशीनवर झालंय ना चेकिंग. सर ऑपरेशनच्या दिवशी बघतातच.’

‘आणि हिने सकाळपर्यंत लेन्स घातली होती. चालतं का ते?’

‘चालतं हो काकू. उद्या सकाळचाच नंबर लावते, म्हणजे तुम्हाला परत हेलपाटा नको.’

त्या आईचे दोन्ही प्रश्न नेमके होते आणि दोन्ही उत्तरं चुकीची. कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे की तपासणीआधी मऊ लेन्स दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवावी. सकाळी काढलेल्या लेन्सनंतर दुपारी घेतलेलं माप हे लेन्सने दाबलेल्या डोळ्याचं माप असतं, आणि लेझर तेच खरं धरून चालणार. दुसरं, डॉक्टरने बघण्याआधी पैसे घेणं म्हणजे नकाराची वाट आधीच बंद करणं. टोकन घेतलेल्या पेशंटला ‘घरी जा’ म्हणणं दवाखान्यालाही जड जातं आणि पेशंटलाही ते ऐकवत नाही.

हेलपाट्याची काळजी खरी आहे, म्हणून ती गळाला लावणं जास्त वाईट. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवावंच लागतं. रात्री अकराला डोळा लाल झाला, दुखायला लागला तर फोन कोण उचलणार? पुण्यात ऑपरेशन करून त्याच रात्री एसटीने लातूरला निघालेल्या मुलीचा डोळा कोण बघणार? हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचे आणि डॉक्टरच्या तोंडून उत्तर घ्यायचं.

मग येतात पद्धतींची नावं. ब्लेड, फेम्टो, कॉन्टुरा, स्माइल, सिल्क. दरपत्रकात खालून वर चढत जाणारी किंमत, आणि जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला डोळा असा समज. हा समज मोडायला हवा. पापुद्रा न उचलता वरूनच लेझर देण्याची पीआरके ही या सगळ्यांत जुनी पद्धत. काही दिवस डोळा दुखतो, नजर स्थिरावायला आठवडे लागतात. पण कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्या पोराला, ज्याच्या डोळ्यावर कधीही हात बसू शकतो, पापुद्र्याची पद्धत सुचवणाऱ्या डॉक्टरने त्याचा खेळ विचारलेलाच नसतो. कोणत्या डोळ्याला कोणती पद्धत आणि का, हे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवा. जिथे एकच यंत्र आहे, तिथे येणारा प्रत्येक डोळा त्याच यंत्राला योग्य ठरवला जाण्याचा धोका असतो.

दुष्परिणामांवर बोलायला कोणी तयार नसतं, म्हणून आकडे देतो. एफडीएने इतर संस्थांबरोबर लेसिकच्या रुग्णांवर ‘प्राउल’ नावाचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेआधी ज्यांना प्रकाशाभोवती वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा असा कसलाच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी असा एखादा तरी त्रास सांगितला. डोळे कोरडे नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवला. त्याच अभ्यासात 95 टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते आणि रोजची कामं फार अडावीत इतका दृष्टीचा त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना झाला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. रात्री कसारा घाटात ट्रक चालवणाऱ्याला पहिला आकडा आधी सांगितला पाहिजे. हिंजवडीत दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटं अश्रू मोजले पाहिजेत. पाच मिनिटं ज्या दवाखान्याला परवडत नाहीत, त्याला तुमचा डोळा परवडत नाही.

‘आयुष्यभर चष्मा नाही’ हे वाक्य ऐकलं की उठा. चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो. लेझर ते थांबवत नाही. मायनस नंबरवाला माणूस आज चष्मा काढून पेपर वाचतो. दूरचा नंबर पूर्ण उतरवला की ती सोय जाते. अडतिसाव्या वर्षी लेझरला निघालेल्याला हे आधी कळलं पाहिजे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींसाठी खास सांगतो. लेझर केलं की भरतीत डोळे पास, असं धरून चालू नका. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदाला लेसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांचे नियम शाखेगणिक आणि पदागणिक वेगळे आहेत. आधी भरतीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शेत गहाण ठेवून नोकरीसाठी केलेलं ऑपरेशन त्याच नोकरीचं दार लावून घेणार असेल, तर ते करणाऱ्या डॉक्टरने ‘कशासाठी करतोस बाळा?’ एवढंही विचारलेलं नसतं.

नियम नाहीत असं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. डॉक्टरने, डॉक्टरांच्या गटाने किंवा संस्थेने रुग्ण ओढणं त्यात अनैतिक ठरवलं आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणंही वर्ज्य आहे. पण मेडिकल कौन्सिलचा हात नोंदणीकृत डॉक्टरपर्यंत पोचतो, फलक लावणाऱ्या कंपनीपर्यंत पोचत नाही. ही फट बुजवणं सरकारचं काम आहे आणि ते झालेलं नाही. तोवर जे हक्क हातात आहेत ते वापरा. याच नियमांनुसार रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची कागदपत्रं मागितली तर 72 तासांत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. तेव्हा संमतीपत्र मराठीत मागा आणि आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. ऑपरेशनच्या खोलीबाहेर, डोळ्यांत थेंब घातलेले असताना पुढे सरकवलेल्या कागदावर सही करू नका. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत 7.5 पेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च वगळलेला असतो, हेही आधीच बघून घ्या.

आणि फाइल जन्मभर जपा. साठीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेला कॉर्निया हिशेबाला चकवतो. लेझरच्या आधीची मापं हाताशी असली तर त्या डॉक्टरचं काम सोपं होतं. ही फाइल आपणहून हातात देणारा दवाखाना तुमच्या साठीचा विचार करतो आहे.

एवढं सगळं करूनही मन ठरत नसेल तर एक सोपी वाट आहे. ज्याच्याकडे लेझरचं यंत्र नाही अशा नेत्रतज्ज्ञाकडे तो रंगीत कागद घेऊन जा आणि विचारा, ‘डॉक्टर, तुमची मुलगी असती तर केलं असतं का?’ त्याला हो म्हणून काही मिळायचं नाही, नाही म्हणून काही जायचं नाही.

दवाखान्यांकडे माझी एक मागणी आहे. किती हजार शस्त्रक्रिया केल्या, हा आकडा तुम्ही फलकावर लावता. त्याच्याखाली दुसरा आकडा लावा: गेल्या वर्षी तपासून किती जणांना ‘तुमच्यासाठी लेझर नाही’ म्हणून परत पाठवलं. नियम करून हा आकडा सक्तीचा करायला हवा. तोपर्यंत जो डॉक्टर तो विचारल्यावर न अडखळता सांगेल आणि कारणंही सांगेल, त्याच्याकडे मी माझ्या घरातलं माणूस बिनघोर पाठवीन. तुम्हीही पाठवा.