भाजणीचं बिऱ्हाड

संध्याकाळचा चहा निवत आला होता. हिने विचारलं, "अहो, पण ती राहणार कुठे?" ती म्हणजे आमची होऊ घातलेली वेबसाइट. गेली अकरा वर्षं ही डोंबिवलीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात थालीपिठाची, चकलीची आणि उपासाची भाजणी करून विकते. सकाळी सातला भाजक्या धण्यांचा वास जिन्याने वर चढतो, आणि तीच आमची जाहिरात. ती तिसऱ्या मजल्यापलीकडे पोहोचत नाही, असं भाच्याचं म्हणणं पडलं, म्हणून वेबसाइट. आता ज्या बाईच्या हाताला अंधारातही उडदाची डाळ कुठल्या डब्यात आहे ते कळतं, तिला वस्तूचा ठावठिकाणा ठाऊक असल्याशिवाय चैन पडत नाही. मी शहाणपणाने म्हणालो, "असते हवेत कुठेतरी." ही म्हणाली, "हवेत पीठ उडतं. दुकान नाही उडत."

तेव्हा जागा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. बँकेत तेहतीस वर्षं काढलेला माणूस कुठलाही पेच आधी वहीत उभ्या रेघा मारून सोडवू बघतो, तशा मी मारल्या. पण पहिल्याच रकान्याशी अडलो. होस्टिंगला मराठीत म्हणायचं काय? यजमानपद म्हणावं, तर पाहुण्याकडून आगाऊ पैसे घेणारा यजमान आपल्या कुठल्याच पोथीत सापडत नाही. शेवटी 'बिऱ्हाड' हा शब्द मनाला पटला. बिऱ्हाड भाड्याचं असतं, हलवता येतं, आणि त्यात थोडा संकोच असतो. मुळात मामला साधा आहे. कुठेतरी एक कॉम्प्युटर रात्रंदिवस जागा असतो, आणि कोणी आपला पत्ता टाकला की आपली पानं काढून त्याच्या हातात ठेवतो. जगातली पहिली वेबसाइट जिनिव्याजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर राहत होती. कोणी येताजाता बटण बंद करू नये म्हणून त्यांनी त्यावर लाल शाईने, हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. हे वाचलं आणि मला आईच्या पातेल्यावरचा कागद आठवला. 'विरजण लावलंय. हलवू नये.' इंटरनेट काय, दही काय, न हलवता राहू दिलं तरच लागतं.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आजोबांच्या काळापासून माझ्या लग्नापर्यंत दोन खोल्यांचं भाडं साडेसतरा रुपयांच्या आसपास घुटमळत राहिलं. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठवली होती, आणि त्या बर्फात आमच्या दोन पिढ्या सुखाने वाढल्या. अशा घरातल्या माणसाने होस्टिंगचे दर वाचू नयेत. महिना ७९ रुपये, असं ठसठशीत लिहिलेलं. त्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: तीन वर्षांचे एकदम भरल्यास. त्याहून खाली, जिथे मुंगीही वाकून बघेल तिथे: नूतनीकरण २९९ दराने. पहिल्या वर्षी जावयासारखं वागवायचं आणि पुढे घरजावयासारखं, अशी ही रीत आहे. मी वहीत पहिल्या वर्षाचा रकाना खोडला आणि चौथ्या वर्षाचा आखला. तो आखल्याबरोबर निम्मे यजमान आपोआप गळाले.

स्वस्तातली जागा म्हणजे शेअर्ड होस्टिंग. एकाच यंत्रावर शेकडो बिऱ्हाडं असतात, म्हणजे थेट चाळच. चाळीचे गुणदोष मला कोणी शिकवायला नकोत. वरच्या मजल्यावर कार्य निघालं की आमच्या नळाची धार सुतळीएवढी होई. इथेही शेजाऱ्याने टी-शर्टांचा सेल लावला की आपली भाजणी अडखळत उघडते. आणखी एक गंमत भाच्याने सांगितली. एकाच पत्त्यावरून सगळ्यांच्या ईमेल जात असतील आणि त्यातला एक जण फसवी पत्रं पाठवत सुटला, तर आपलंही पत्र लोकांच्या कचऱ्यात पडतं. मला मुळीच नवल वाटलं नाही. चाळीतल्या एकाने उधारी बुडवली की वाणी सबंध चाळीकडे तोंड वाकडं करून बघत असे. स्वतंत्र ब्लॉक मिळतो, बंगलाही मिळतो, पण दिवसाला पंधरा किलो भाजणी दळणाऱ्या बाईने बंगला कशाला घ्यावा? चाळच ठरली. फक्त शेजार जरा बघून घ्यायचा होता.

त्याहून जुना धडा मात्र एकदा पैसे मोजून झाला होता. गिरगावात कोणी नवा भेटला की पहिला प्रश्न असे, "पावती कोणाच्या नावावर?" आजोबा गेल्यावरही आमची भाडेपावती बरीच वर्षं त्यांच्याच नावाने येत होती, आणि वडील ती ट्रंकेत अशी ठेवत की जणू आजोबाच घडी करून ठेवलेत. एवढं बाळकडू मिळूनही सहा वर्षांपूर्वी एका उत्साही मुलाने हिची पहिली वेबसाइट करून दिली, तेव्हा तिचं नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या खात्यावर घेतलं हे मी विचारलं नाही. ते त्याने स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. मुलगा सज्जन होता. पण तो कॅनडाला गेला, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या, आणि एके दिवशी हिच्या नावाच्या पाटीखाली भलतंच कोणी काहीतरी विकायला बसलं. हिने ते पान बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पाटी तरी पुसायची." तेव्हापासून पाटी वेगळी, जागा वेगळी. पाटी हिच्या नावावर, हिच्या ईमेलवर. २०१४ पासून पत्त्याच्या शेवटी देवनागरीत 'भारत' लावता येतं, तेही घ्यावं असं मला फार वाटत होतं. "लोकांना टाइप करता येईल का?" असं हिने विचारलं आणि माझी अस्मिता दोन घोट चहाबरोबर खाली उतरली.

सगळे यजमान 'अनलिमिटेड' देतात. ही अनलिमिटेड थाळीची जातकुळी: भिंतीवर 'पोटभर', आणि त्याखाली 'एका ताटात दोघांनी जेवू नये, अन्न टाकल्यास जादा आकार'. शिवाय ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याची हमी. बँकेची सवय, म्हणून मी उरलेला एकदशांश टक्का वर्षभरावर पसरला. पावणेनऊ तास निघाले. हिला वाटलं मी घाबरेन. पण दिवसातून पाऊण तास येणाऱ्या नळाला आम्ही 'पाणी आहे' म्हणत वाढलो, आणि आज ज्या सोसायटीत राहतो तिथल्या लिफ्टने अशी हमी कधी स्वप्नातही दिलेली नाही.

मग प्रश्न आला गावाचा. हिची निम्मी गिऱ्हाइकं पत्त्याने इथली, पण पैसे भरणारी बोटं न्यू जर्सीतली. मुलगा तिथून ऑर्डर टाकतो, पुडा इथे त्याच्या आईच्या दारात जातो. मग वेबसाइटने राहायचं मुंबईत की अमेरिकेत? मी हिशोब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. तिथून इथे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्रातून त्या केबल येऊन लागतात. म्हणजे वर वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि खालून वाळूतून कोणाच्या तरी लेकाची ऑर्डर आईकडे निघालेली असते. माझा मोठा भाऊ मस्कतला होता तेव्हा आईच्या पत्राला उत्तर यायला तीन आठवडे लागत, आणि त्या तीन आठवड्यांत आई पोस्टमनशी फार प्रेमाने वागायची. मी आठव्या भागाचा हिशोब वाचून दाखवला. ही म्हणाली, "बोटं तिथे असू देत. तोंड इथे आहे ना? मग इथेच."

इथे म्हणजे महाप्याला. शिळफाट्यावरून जाताना एकदा मी हिला तसली एक इमारत लांबून दाखवली. खिडक्या नाहीत, माणसं दिसत नाहीत, नुसती गारवा करणारी यंत्रं घोंघावताहेत. ही बराच वेळ काचेला नाक लावून बघत होती. "म्हणजे भाजणी एसीत राहणार," ती म्हणाली आणि पदराने कपाळ टिपलं. मे महिना होता, आणि ती सकाळपासून कढईपुढे उभी होती.

शेवटची निवड वहीने केली नाही. तीन यजमान उरले होते. मी एका रात्री साडेअकराला तिघांनाही फोन लावले. पहिल्याने सतार ऐकवली. दुसऱ्याने एक दाबा, दोन दाबा करत मला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडलं. तिसरीकडे एक मुलगा बोलला, झोपाळलेल्या पण शहाण्या आवाजात. बॅकअप कुठे ठेवता, असं मी विचारलं. "काका, आम्ही ठेवतो, पण एक प्रत तुमच्याकडेही असू द्या," तो म्हणाला. मला एकदम समोरच्या काकू आठवल्या. आमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. स्वतःच्याच घरात कुलूपबंद ठेवलेली दुसरी किल्ली काय कामाची? मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "वेबसाइट कसली आहे?" भाजणीची, म्हटलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "थालीपिठाची का?" एवढंच त्याने विचारलं, पण ज्या सुरात विचारलं त्यावरून पोरगा घरापासून लांब खोली करून राहतोय आणि रात्रीचं काही खाल्लेलं नाहीये, हे हिला स्पीकरवरून कळलं. माझ्या तक्त्यात या गुणाला रकाना नव्हता. मी एक उभी रेघ वाढवली.

आता दर एक तारखेला मी प्रत उतरवून घेतो आणि ही तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवते, वडिलांच्या भाडेपावत्यांशेजारी. वेबसाइट सुरू झाली आणि आठव्या दिवशी पहिली ऑर्डर आली: उपासाची भाजणी, अर्धा किलो. आम्ही दोघांनी चष्मे लावून पत्ता वाचला. आमचीच इमारत, तिसरा मजला. म्हणजे मागणी वरच्या घरातून निघाली, महाप्याच्या गारव्यात जाऊन आली आणि दोन मजले ओलांडून खाली उतरली. पुडा मीच वर नेऊन दिला. चालत. लिफ्ट बंद होती.