प्रमोशन नाकारलेले काका

तालुक्याच्या गावातली सरकारी बँकेची कुठलीही शाखा घ्या. काचेच्या केबिनमध्ये शाखाधिकारी बसतो. शाखा चालवणारा माणूस बाहेर, कॅशच्या पिंजऱ्यात सापडतो. हे हेड कॅशियर काका. वय अठ्ठावन्न. नोकरीची बहुतेक वर्षं याच शाखेत, नाहीतर स्कूटरवर जाऊन दुपारी जेवायला घरी येता येईल अशा शाखेत. ऑफिसर व्हायची संधी काकांना तीनदा आली आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘घरगुती अडचण’ असं लिहून दिलं. अडचणीचं नाव बदली. ऑफिसर झालं की आसाम नाहीतर आंध्र. क्लार्क राहिलं की संध्याकाळी साडेसहाला ओसरीवर चहा.

केबिनमध्ये सध्या मॅडम आहेत. वय एकोणतीस, गाव पाटणा, शिक्षण इंजिनियरिंग. ऑफिसरांची भरती देशपातळीवर होते. क्लार्कची राज्यवार, स्थानिक भाषा येते की नाही ते बघून. त्यामुळे साहेबांना गिऱ्हाइकाची भाषा कळत नाही आणि क्लार्कला साहेबांची, अशी जोडी खुद्द व्यवस्थेनेच जमवलेली असते. पहिल्या आठवड्यात मॅडम ‘अंकलजी’ म्हणाल्या, तेव्हा काकांचा चेहरा फाटकी नोट हातात आल्यासारखा झाला. आता त्याही ‘काका’च म्हणतात. काका त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, आणि त्या केबिनमध्ये नसल्या की ‘पोरगी’.

वडील आणि मुलगी शोभतील अशी ही माणसं एका छपराखाली येतात आणि हुकूम मुलीने सोडायचा असतो, याला स्वभावापेक्षा इतिहास जास्त जबाबदार आहे. नव्वदच्या दशकात बँकांनी भरतीला हात आखडता घेतला. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि लाखभर माणसं पैसे घेऊन घरी गेली. २००१ मध्ये भरती मंडळंही गुंडाळली गेली. पुढे २०११ पासून आयबीपीएसच्या सामायिक परीक्षेतून पोरं-पोरी लाटेसारख्या आल्या. म्हणून आज शाखेत कुणी रिटायरमेंटला आलेलं असतं, नाहीतर लग्नाला. काउंटरच्या आसपास पंचेचाळिशीचा माणूस दिसला, तर तो बहुधा पासबुक भरायला आलेला असतो.

काका संघटनेचे. संगणक आला तर पोटावर पाय येईल, अशा घोषणा त्यांनी तरुणपणी घसा बसेपर्यंत दिल्या. १९९३ मध्ये संघटना आणि बँकांच्या असोसिएशनचा संगणकीकरणाचा करार झाला, आणि संगणकावर बसणाऱ्याला भत्ता मिळतो हे कळताच काकांनी पहिला अर्ज टाकला. शत्रू आतूनच ओळखावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. ओळख अजून पुरी झालेली नाही. पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो. तो ते कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहून ठेवतात, आणि चिठ्ठी कुठे आहे हे शिपायासकट सगळ्यांना ठाऊक असतं. मॅडमनी यावरून दोनदा मेमोची धमकी दिली. धमकी रास्तच होती. अशाच चिठ्ठ्यांच्या पोटातून बँकांतले घोटाळे बाहेर पडतात. काकांनी चिठ्ठी हलवली आणि कॅलेंडरमागे लावली.

पण तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक काकांकडे, दुसरी ऑफिसरकडे; एकट्याने कुणालाच ती उघडता येत नाही. मॅडमच्या हाताखालच्या माणसांत मॅडमना खोळंबून ठेवण्याचा नियमसिद्ध अधिकार असलेला माणूस हा एकटाच, आणि तो पावणेदहाला, दत्ताला फूल वाहून, शांतपणे येतो.

कर्जाचा अर्ज आला की मॅडम सिबिलचा स्कोअर बघतात. तो तीनशे ते नऊशेच्या मधे असतो. काका अर्जदाराचं आडनाव बघतात, मग त्याची वाडी, मग त्याचे चुलते. “मॅडम, इसके बाप ने भी अपने यहाँ से इंजन लिया था. एक हप्ता चुकाया नहीं,” असं ते सांगतात. चुकवला नाही म्हणजे थकवला नाही, असं काकांच्या मनात. चुकाया नहीं म्हणजे भरलाच नाही, असं मॅडमच्या कानात. त्या गोंधळात एका भल्या माणसाची फाइल आठवडाभर पडून राहते. काकांची जन्मकुंडली दर वेळी खरी ठरते असंही नाही. त्यांनी शब्द टाकलेल्या एका घराण्याच्या वाहनकर्जाचे नव्वद दिवस हप्ते आले नाहीत आणि खातं थकीत यादीत गेलं. त्या आठवड्यात काकांचं पित्त खवळलं होतं.

काकांचं खरं राज्य दिसलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, दहा तारखेला बँका उघडल्या. तेव्हाचे साहेब केबिनमध्ये वरच्या ऑफिसचे फोन घेत बसले होते. काका बाहेर आले, रांगेतून बाळंतिणीच्या नवऱ्याला हाताला धरून पुढे आणलं आणि तिसऱ्यांदा येणाऱ्या सराफाच्या नोकराला नावाने हाक मारून घरी पाठवलं. कुणी ब्र काढला नाही. ते परिपत्रकात नव्हतं. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या.

मॅडमचं दुखणं वेगळं. संध्याकाळी वरून व्हिडिओ कॉन्फरन्स, त्यात आज जीवनज्योतीचे किती अर्ज, सुरक्षा विम्याचे किती, याचा पाढा. जीवनज्योतीचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २०, पण मॅडमची झोप त्यावर अडलेली. काकांना टार्गेट नसतं. पेन्शनही जुनी. एप्रिल २०१० नंतर लागलेल्या मॅडमना ती नाही. तरी महिनाअखेरीला काका आठवडी बाजारातून चक्कर मारतात आणि भाजीवाल्यांचे पंधरा अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवतात. वर म्हणतात, “हे आमचं काम नाही.”

काउंटर दोनवर नवा क्लार्क आहे, तोही इंजिनियर. प्रमोशनच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर उघडं. “कशाला मरतोस?” काका त्याला समजावतात. “गावात राहा. मान इथे असतो.”

काकांची मुलगी गेल्या वर्षी ऑफिसरची परीक्षा पास झाली. पोस्टिंग कोइमतूर. “मिळेल ते प्रत्येक प्रमोशन घ्यायचं,” असं बजावून काकांनी तिला गाडीत बसवलं. संघटनेच्या ओळखीतून तिथल्या हेड कॅशियरचा नंबर मिळवला आणि आपल्या हिंदीत त्याच्याशी दहा मिनिटं बोलले. त्या गृहस्थाला हिंदी येत नव्हतं. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला.

“बाबा, इथले हेड कॅशियर मला मॅडम म्हणतात आणि माझं काही म्हणजे काही ऐकत नाहीत.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “माणूस चांगला दिसतोय.”