टाके पडले, पैसे सुटले

भांडुप स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होमची लिफ्ट चार माणसांची. स्ट्रेचर उभं धरलं तर मावतं. पेशंटला उभं राहता आलं असतं तर तो इथे आला कशाला असता? मग वॉर्डबॉय, जावई आणि खालचा झेरॉक्सवाला मिळून त्याला प्लास्टिकच्या खुर्चीतून दुसऱ्या मजल्यावर चढवतात.

दारात फ्लेक्स : ‘शासकीय योजनेतून मोफत उपचार.’

मोफत पेशंटला. पैसे सरकार मोजतंच, म्हणजे आपण. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाची झाली, २०२३ मध्ये दीड लाखाचं कवच पाच लाखांचं करायचं ठरलं. पाटी बदलली, रक्कम बदलली. हिशेब तोच : ऑपरेशन झालं, कागद चढवले, पॅकेज सुटलं. आणि घरी गेल्यावर बाराव्या दिवशी टाक्यात पू झाला तर? डिस्चार्जनंतरचे दहा दिवस पॅकेजमध्ये.

पुढचा पू ज्याचा त्याचा.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा शेवटचा हप्ता आपली सोसायटी पहिला पाऊस पडेपर्यंत देत नाही. गच्चीला जे कळतं ते पोटाच्या ऑपरेशनला का कळू नये?

डॉक्टर म्हणतात, दर तुटपुंजे आणि बिलंही थकतात. खरं आहे. पण पैसे रखडवायचेच आहेत, तर निदान कारण तरी बरं शोधा!

निकाल बघून पैसे द्यायचं दिल्लीला सुचलं होतं, बरं का. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जाहीर केलं, की केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतली रुग्णालयं आता पाच गोष्टींवर जोखणार : रुग्णाचं समाधान, पुन्हा भरती व्हावं लागलं का, खिशातून किती गेले, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि तब्येतीतला फरक. झकास!

समाधान विचारणार कुणाला? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘कॅग’ने दाखवून दिलं, की आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर आहेत. नंबर : दहा वेळा नऊ.

लावा फोन.

दर्जाला पैसे मिळतच नाहीत असं नाही. रुग्णालयाकडे एनएबीएच या दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं पूर्ण मानांकन असेल तर केंद्राच्या पॅकेजवर १५ टक्के जादा. पण मानांकनवाले सहसा तारीख कळवून येतात. जंतू कळवून येत नाहीत.

भांडुपकरांना कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. २५ मार्च २०२१ च्या रात्री ड्रीम्स मॉलला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर कोविड रुग्णालय. ११ जण गेले. मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं तेव्हाच्या महापौर म्हणाल्या. मुंबईत नर्सिंग होमची नोंदणी कोण करतं? १९४९ च्या कायद्याने, महापालिका. म्हणजे त्यांचीच.

तर पुढच्या वेळी योजनेचा फ्लेक्स दिसला, की टेबलावरच्या आरोग्यमित्राला एकच विचारा : गेल्या महिन्यात टाके घातलेल्यांपैकी परत किती आले? आकडा मिळाला तर आम्हाला कळवा. आमचा नंबर नऊ-नऊचा नाही, लागतो.