गठ्ठा कोणासाठी?

अकरावीचा प्रवेश होतो न होतो, तोच पालक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पिशव्या घेऊन हजर. दुकानदार ‘हा सेट सगळेच नेतात’ म्हणतो आणि पाकीट उघडतं. सोबतच्या मुलाला कोणी विचारलं का, तुझं अडतंय कुठे?

मुळात प्रवेश परीक्षा कोणती द्यायची, हे तरी ठरलंय का?

एमएचटी-सीईटीचंच बघा. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, साधारण ऐंशी टक्के भार बारावीवर. भौतिक आणि रसायनाचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. आणि मुलाच्या टेबलावर काय, तर इरोडोव्हचं भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचं पुस्तक! पुस्तक अव्वल आहे, वादच नाही. पण एकेका उदाहरणाला अर्धा तास घेणाऱ्या पुस्तकातून मिनिटाचा वेग कसा यायचा?

नीटला 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. त्याचा पाया एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक. घरात तीन गाइडं असतात, पाठ्यपुस्तक मात्र कोरं करकरीत.

आणि ते फुकट आहे. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर एनसीईआरटीचं, बालभारतीच्या संकेतस्थळावर राज्य मंडळाचं. फुकट मिळतं म्हणून ते हलकं वाटतं का?

ताईची जुनी गाइडं वापरायला हरकत नाही. पण नीटचा अभ्यासक्रम 2024 च्या परीक्षेपासून कापला गेलाय. आधी नवी यादी छापून घ्या आणि गाळलेल्या धड्यांवर काट मारा. नाहीतर पोरगं ऐन दिवाळीत परीक्षेला नसलेला धडा पाठ करत बसेल.

‘टॉपरनं हेच वापरलं’ असं जाहिरात सांगते. तोच संच वापरून मागे राहिलेल्यांचे फोटो कुठे आहेत?

क्लासचं मॉड्यूल, मित्राच्या क्लासचं मॉड्यूल, वर टेलिग्रामवरच्या पीडीएफ. एवढं सगळं एकदा वाचायलाही दोन वर्षं पुरत नाहीत. उजळणी कधी करायची?

मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणा, घड्याळ लावा आणि मुलाला सोडवू द्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या धड्यातला, ते वहीत लिहा. चार प्रश्नपत्रिकांत जो धडा पुन्हा पुन्हा दगा देईल, त्याच्यासाठी एक पुस्तक घ्या. एकच.

उरलेल्या पैशांत क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहिलेल्या पोराला महिनाभर दूध आणि फळं मिळतील.